चावी, किल्ली आणि चावीवाले सरदारजी

मंडळी, शाळेत मराठी शिकवत असताना एक खेळ मी वर्गात नेहमी खेळायचो. रोजच्या वापरातली एखादी वस्तू घ्यायची आणि तिच्या नावाचं मूळ गाव शोधायचं. किल्ली हा त्यातला माझा आवडता शब्द. मुलांना वाटायचं किल्ला आणि किल्ली हे नवरा-बायको! प्रत्यक्षात किल्ली निघाली संस्कृत 'कील' म्हणजे खुंटी, खिळा यापासून. कुलूप आलं अरबी-फारसी 'कुफ्ल'वरून, वाटेत अक्षरांची अदलाबदल होऊन. आणि चावी? ती पोर्तुगीजांबरोबर गलबतातून उतरली, बटाटा, पगार आणि तुरुंग यांच्या सोबतीनं. कुलूप एका मुलखातलं, त्याची चावी दुसऱ्या खंडातली, आणि दोन्ही आमच्या मराठवाड्यातल्या माळवदाच्या घराला लागलेली. इतिहास असा दाराला लटकत असतो, आपण फक्त घाईत असतो.

जुन्या घरांना कुलपापेक्षा अडसराचा भरवसा जास्त असायचा. आतून आडवा लाकडी अडसर, बाहेरून कडी-कोयंडा. कुलूप खरं लागायचं ते धान्याच्या कोठीला आणि पेटीला. त्या किल्ल्यांचा जुडगा ज्या बाईच्या कमरेला, घरात सत्ता तिची. सासूनं सुनेच्या हाती जुडगा दिला की राज्याभिषेकच झाला म्हणायचा. म्हणजे किल्ली ही वस्तू नुसती दार उघडणारी नव्हे, कोणाला आत जायचा हक्क आहे ते सांगणारी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मोटारीपाशी पुन्हा लागणार आहे. (कुलपावाचून चालतं असं सांगणारं गावही आपल्याकडे आहे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं शनिशिंगणापूर. तिथं यूको बँकेनं २०११ साली शाखा काढली तेव्हा 'बिनकुलपाची बँक' म्हणून ती देशभर गाजली. पण असं गाव विरळाच.)

आता नांदेडकडे वळू. नांदेडला कुणाच्याही कपाटाची किल्ली हरवली तर तोंडात पहिलं वाक्य येतं, "सरदारजीला बोलवा." रस्त्याच्या कडेला सायकलला किंवा छत्रीच्या काड्यांना शेकडो कोऱ्या किल्ल्या लटकवून बसलेले पगडीधारी कारागीर लातूर, परभणी, पुण्या-मुंबईपर्यंत सगळीकडे दिसतात. हे बहुतेक शिकलकरी शीख. 'सैकल' म्हणजे हत्याराला धार आणि चकाकी देणं. ते काम करणारा तो सैकलगर, त्याचा झाला शिकलगार, शिकलकरी. शीख गुरूंच्या फौजांसाठी तलवारी, भाले, ढाली घडवणारे ते आम्हीच, असं त्यांची परंपरा सांगते, आणि हे नावही गुरू गोविंदसिंगांनी दिलं असं ते अभिमानानं म्हणतात.

गुरू गोविंदसिंग बादशहा बहादूरशहाबरोबर दक्षिणेत आले आणि १७०८ साली गोदावरीच्या काठी, आमच्या नांदेडला त्यांनी देह ठेवला. आजचं तख्त सचखंड हजूर साहिब बांधलं गेलं ते पुढे १८३२ ते १८३७ च्या काळात, पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांच्या पुढाकारानं. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. गुरूंची शस्त्रं तिथं आजही जपलेली आहेत. दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतं, तेव्हा गोदावरीचं पाणी आणून त्यांची स्वच्छता केली जाते. शस्त्राला चकाकी देणं ही ज्यांच्या घराण्याची विद्या, त्यांच्या दृष्टीनं या गावाचं मोल काय असेल ते वेगळं सांगायला नको.

पण लढाया बदलल्या. ब्रिटिशांनी १८७८ चा शस्त्र कायदा केला आणि त्यांच्या मुलखात हत्यार घडवणं परवान्याशिवाय अशक्य झालं. कारखान्यात बनलेल्या बंदुकांपुढे हातघडणीच्या तलवारीला गिऱ्हाईकही उरलं नाही. मग लोखंडाची जाण असलेले हे हात बादल्या, कढया, विळे, चाकू आणि किल्ल्या करू लागले. देशात काही ठिकाणी काही जण बेकायदा हत्यारांच्या प्रकरणांत सापडले, त्याचा शिक्का मात्र अख्ख्या जमातीवर बसला. एखाद्या गल्लीत चोरी झाली की संशयाची पहिली नजर जायची कुलूप उघडता येणाऱ्याकडे. ज्याला विद्या येते तोच गुन्हेगार, असा हा न्याय!

ती विद्या काय होती ते बघण्यासारखं आहे. मूळ किल्ली नसताना नवी कशी करायची? कारागीर कोरी किल्ली कानशीनं साफ करी, दिव्याच्या काजळीवर काळी करी आणि कुलपात घालून जरा जोर देऊन हलवी. बाहेर काढली की आतल्या तरफा किंवा पिना जिथं टेकल्या तिथं बारीक खुणा. त्या खुणेपुरतं घासायचं, पुन्हा घालायची, पुन्हा बघायचं. पंधरा-वीस वेळा असं केलं की कुलूप हळूच 'हो' म्हणतं. कुलपाचं अंतरंग न बघता, नुसत्या स्पर्शानं ओळखणं, याला डॉक्टरच्या नाडीपरीक्षेपेक्षा कमी कसं म्हणायचं?

कुलूपही इकडे शिकत होतंच. इंग्लंडात १८१८ साली चब यांनी असं कुलूप काढलं की कुणी चुकीच्या हत्यारानं खुडबुड केली तर ते अडकून बसे आणि मालकाला कळे. ब्रामा नावाच्या कारागिरानं तर आपलं कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवून 'उघडून दाखवा, दोनशे गिनी घ्या' असं आव्हान लावलं होतं. कित्येक वर्षं कुणी फिरकलं नाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन आला, त्यानं चबचं कुलूप उघडलं आणि सोळा दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपून ब्रामाचंही उघडलं. लंडनमध्ये हलकल्लोळ! असल्या युक्त्या जाहीर कराव्यात का यावर वाद झाला. हॉब्जच्या बाजूचं म्हणणं साधं होतं : चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अंधारात असतो तो भला माणूस. त्यानंतर दहाएक वर्षांतच अमेरिकेत लायनस येलनं १८६१ मध्ये पिनांच्या कुलपाचं आणि छोट्या चपट्या किल्लीचं पेटंट घेतलं. आज आपल्या खिशात असते ती तिचीच नात.

आपल्याकडे वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेजांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. त्याच कंपनीनं पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीला लाखो मतपेट्या बनवल्या, आणि बाहेरून कुलूप लावणं महाग पडेल म्हणून पेटीच्या आतच कुलपाची रचना केली. निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलेल्या मराठवाड्याचं पहिलं मतही १९५१-५२ च्या त्याच निवडणुकीत पडलं, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता मोटार. सुरुवातीच्या मोटारी पुढे हँडल मारून सुरू व्हायच्या. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला. किल्ली फिरवली की इंजिन सुरू, ही आज स्वाभाविक वाटणारी सोय क्रायस्लरनं १९४९ च्या गाड्यांत दिली. आपल्या ॲम्बेसिडरच्या काळात तर एकाची झिजलेली किल्ली दुसऱ्याच्या गाडीला लागते असं लोक हसून सांगत. चोरालाही तारा जोडल्या की पुरे. म्हणून १९८६ साली अमेरिकेत कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विजेला ठरावीक अडथळा करणारा एक ठिपका बसवला. तो पंधरा प्रकारचा असे, आणि किल्लीचा आकार जुळूनही ठिपका जुळला नाही तर गाडी सुरू होत नसे. मग आली चिप. युरोपात नव्या मोटारींना १९९८ पासून 'इमोबिलायझर' सक्तीचा झाला. पुढे नेदरलँडच्या अभ्यासकांनी हिशोब मांडला तर त्यामुळे मोटारचोऱ्या सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास घटल्याचं दिसलं. उलट अमेरिकेत काही कंपन्यांनी ही चिप बरीच वर्षं बसवली नाही, आणि २०२२ च्या सुमारास त्या गाड्या पळवण्याची पोरांमध्ये साथच आली.

ही चिप चालते कशी? किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी ती असते. तिला बॅटरी लागत नाही. (बॅटरी असते ती दार उघडणाऱ्या रिमोटला, ते वेगळं प्रकरण. रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते ती म्हणूनच.) किल्ली घालण्याच्या जागेभोवती तारेचं वेटोळं असतं. त्यातून निघणाऱ्या लहरींवरच चिप जागी होते. गाडीचा संगणक एक प्रश्न टाकतो, चिप गुप्त आकड्यानं हिशोब करून उत्तर देते. उत्तर बरोबर तर इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी, नाही तर डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत राहतं. परीक्षाच म्हणा ना, आणि तीही दर वेळी नव्या प्रश्नपत्रिकेची!

माझा भाचा लातूरहून सहकुटुंब गुरुद्वाराच्या दर्शनाला नांदेडला आला होता, तेव्हा ही परीक्षा आम्ही जवळून पाहिली. घाटावर गर्दीत किल्ली गेली. गाडी सेकंडहँड घेतलेली, तिच्याबरोबर किल्ली मिळाली होती एकच. फोन केला तिथं सांगितलं, गाडी उचलून आणा, किल्ली मागवावी लागेल, काही दिवस लागतील, आणि खर्च ऐकून भाचेसून गप्पच झाली. मग कुणीतरी नंबर दिला. अर्ध्या तासात मोटारसायकलवर एक पंचविशीचा सरदारजी आला. पाठीवर सॅक, त्यात एक छोटं यंत्र आणि लॅपटॉप.

गाडीला हात लावण्याआधी तो म्हणाला, "सर, पहले आरसी दाखवा. और आधार." भाचा जरा वैतागला, "अहो, पोरं उन्हात उभी आहेत." तो शांतपणे म्हणाला, "साहेब, गाडी तुमचीच आहे. पण मला कसं कळणार?" मला तो मुलगा तिथंच आवडला. त्यानं कागद पाहिले, नाव जुळवलं, फोटो काढून घेतला आणि मग कामाला लागला. दाराच्या कुलपात बारीक पट्टी घालून आतल्या खाचांची उंची मोजली, तेवढ्या मापाची किल्ली यंत्रावर कापली. दार उघडलं. आता खरं काम. स्टिअरिंगखालच्या जोडणीत त्यानं वायर लावली, गाडीच्या संगणकाशी बोलणं सुरू केलं, नव्या चिपची ओळख करून दिली आणि जुन्या हरवलेल्या किल्लीची ओळख पुसून टाकली. म्हणजे ती किल्ली उद्या कुणाला सापडली तरी दार उघडेल, गाडी सुरू होणार नाही. दोन तास लागले. डॅशबोर्डवरचं लुकलुकणं थांबलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, वडील काय करतात? म्हणाला, "किल्ल्याच. पण कानशीवर. त्यांना ही चिप येत नाही, आणि मला काजळीची किल्ली नीट येत नाही." मला वाटतं, तीनशे वर्षांचा इतिहास त्या एका वाक्यात मावला होता. तलवारीची धार, मग किल्लीचे दाते, आता आकडे. दर वेळी हात तेच, फक्त धातू बदलला, आणि या वेळी तर धातूच गेला.

पण प्रश्न पोटापाण्याचाही आहे. दाते हाताला कळत होते. आकडा कंपनीच्या तिजोरीत असतो. तो स्वतंत्र कारागिराला मिळावा का, यावर जगभर रस्सीखेच चालू आहे. देऊ नये म्हणणाऱ्यांना चोरांची भीती दिसते. आणि ती खोटी नाही. पण २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा एका चिपची गुप्त भाषा उलगडून दाखवलीच. २०१३ मध्ये दुसऱ्या एका चिपविषयीचा शोधनिबंध फोक्सवॅगन कंपनीनं इंग्लंडच्या कोर्टातून थांबवला. तो अखेर २०१५ मध्ये छापला गेला. हॉब्जचा वाद दीडशे वर्षांनी जसाच्या तसा! कुलूप झाकून ठेवल्यानं चोर थांबतो असा पुरावा तेव्हाही नव्हता. थांबतो तो रस्त्याकडेचा प्रामाणिक कारागीर. आणि त्याच्याकडचं खरं कुलूप कोणतं म्हणाल, तर ते "पहले आरसी दाखवा" हे वाक्य. हक्क कोणाचा हे आधी विचारणं. कमरेच्या जुडग्याचा जुना नियमच तो.

आता जुन्या सवयीनं थोडं शिकवून घेतो. घरातल्या मंडळींनी लक्षात ठेवा :

सेकंडहँड गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागा. एकच मिळाली तर दुसरीची ओळख पुसून घ्या. एकच किल्ली असेल तर ती हातात असतानाच दुसरी करून घ्या. सगळ्या हरवल्यावर काम अवघड आणि महाग होतं. नव्या गाडीबरोबर किल्लीचा नंबर असलेली छोटी पट्टी मिळते, ती गाडीत नाही, घरात ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून किल्ली हरवल्यावर पोलिसांत नोंद करायला आळस करू नका. आणि किल्लीवाल्यानं कागद मागितले तर रागावू नका. न मागणाऱ्याला मात्र पुन्हा बोलावू नका.

परीक्षेच्या पुस्तकांवर 'गुरुकिल्ली' असं छापायची पद्धत होती, त्या पुस्तकांचा मी आयुष्यभर राग केला. सगळी कुलपं उघडणारी एकच किल्ली असती तर कुलपाला अर्थ काय उरला? असो. तुमच्या गावातल्या चावीवाल्यांच्या गोष्टी असतील तर जरूर सांगा. लातूरच्या मंडळींकडून विशेष अपेक्षा आहे, कारण भाच्यानं ही गोष्ट तिकडे आपल्या पद्धतीनं तिखटमीठ लावून सांगितली असणार.