कडब्याची गंजी: वैरण विकत कधीपासून आली?

आजचा विषय ऐकून काहीजण लगेच पुढचा एपिसोड लावतील, तरी सांगतो: वैरण. दुधाच्या धंद्यात निम्म्याहून जास्त खर्च चारा आणि पेंडीवरच जातो. मग मला प्रश्न पडला, की आपले पणजोबा जी गुरं जवळजवळ फुकटात पोसायचे, त्यांचा चारा विकत घ्यायची वेळ आली कशी?

सुरुवात करूया 1878 पासून. तोवर गावची गुरं गायरानात नाहीतर डोंगरावर चरायची आणि उन्हाळ्याला ज्वारीचा कडबा असायचा. 1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसांसोबत गुरंही मेली. तो सरतो न सरतो तोच इंग्रज सरकारचा वन कायदा आला. राखीव जंगलात परवानगीशिवाय गुरं चारणं गुन्हा ठरलं. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्याने गायरानं बळकावल्याबद्दल सरकारला चांगलंच फैलावर घेतलंय.

चराई आटली, तसा सगळा भार शेतातल्या कडब्यावर आला. त्यामुळे आपल्याकडे ज्वारी म्हणजे दोन पिकं: वर कणीस माणसाला, खाली ताट गुराला. सोलापूरकडच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी म्हणूनच टिकली. भाकरी गोड, कडबाही गोड.

1964 मध्ये सीएसएच-1 हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. धान्य भरपूर, पण ताट बुटकं. कागदावर उत्पादन वाढलं, गोठ्यात मात्र कडबा कमी पडला. कारण हिशोब फक्त दाण्याचा झाला होता. पुढे सोयाबीन आणि उसाने ज्वारीची जागा घेतली. 2012-13 आणि 2019 च्या दुष्काळात लोक गुरं घेऊन चारा छावण्यांत राहिले, ते आपण बातम्यांत पाहिलंच.

मग दोन शेळ्या, एक गाय असलेल्या घराने करायचं काय? उत्तर जुनंच आहे, वैरण घरची. गंमत बघा, फुल्यांच्याच नावाच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले जयवंत' हे संकरित नेपिअर गवत दिलं. कांड्या लावायच्या आणि पुन्हापुन्हा कापायचं. जोडीला थोडा लसूणघास. तो द्विदल, म्हणून प्रथिनं जास्त. तेवढीच पेंड कमी लागते.

जास्तीचा लसूणघास वाळवून ठेवता येतो. फुलं यायला लागली की कापा, पातळ पसरा, हलक्या हाताने उलटा. प्रथिनं पानात असतात आणि पान गळलं की हातात नुसत्या काड्या उरतात. काडी वाकवल्यावर कटकन मोडली, की रचायला तयार. ओलं रचलं तर बुरशी ठरलेली. एक आकडा लक्षात ठेवा: 100 किलो हिरव्या घासातून वाळून जेमतेम 20-25 किलो मिळतो. गंजीचा अंदाज त्यावरून बांधा. आणि कडबा अख्खा टाकू नका, कुट्टी करा. नाहीतर जनावर पाला खातं आणि जाड बुडखा पायाखाली तुडवतं.

तुमच्या गावात गायरान अजून शिल्लक आहे का? सातबारा ऑनलाइन दिसतो, आज एकदा बघाच. भेटू पुढच्या भागात.