जत्रेचा पाळणा आणि पंगतीची भांडी : खानदेशातील भाड्याच्या व्यवसायाची वाटचाल

देवळाचा इतिहास लिहिताना कळस कोणी चढविला, सभामंडप कोणी बांधला, घंटा कोणी वाहिली हे आवर्जून नोंदविले जाते. परंतु यात्रेच्या दिवशी ज्या तपेल्यात महाप्रसादाचे वरण शिजते, ज्या जाजमावर भजनी मंडळी बसतात, ज्या पाळण्यात लेकरे हर्षाने ओरडतात, त्या वस्तू कोणाच्या, कोठून आल्या व दुसऱ्या दिवशी कोठे गेल्या, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. या वस्तू पुरविणाराही देवाच्या उत्सवाचा एक सेवेकरीच होय. त्याच्या व्यवसायाचे मूळ पाहू गेले असता ते पुष्कळदा देवळाच्या कोठीतच सापडते.

देवळाची कोठी

शेतकऱ्याच्या घरी रोजच्या स्वयंपाकापुरती भांडी असत. लग्नात मात्र पाचशे माणसांची पंगत उठवावी लागे. एका दिवसाकरिता मोठमोठी तपेली, कढया, पराती, हंडे विकत घेणे सधन घरालाही परवडणारे नव्हते. गावाने यावर साधा उपाय काढला. ज्याला ऐपत असेल त्याने आईवडिलांच्या स्मरणार्थ एखादे मोठे भांडे देवळाला अर्पण करावे, त्यावर नाव कोरून घ्यावे, आणि ते भांडे साऱ्या गावाच्या कार्याला उपयोगी पडावे. कोठे ही भांडी देवळात राहिली, कोठे पंचांकडे, तर कोठे समाजाच्या वाड्यात. मोजून न्यावीत, घासून मोजून परत आणावीत व देवापुढे यथाशक्ती रक्कम ठेवावी, असा शिरस्ता पडला. गरिबाच्या मुलीचे लग्न आणि पाटलाच्या मुलीचे लग्न एकाच तपेल्यातील अन्नाने पार पडत असे. दानाचे असे सार्थक दुसऱ्या रीतीने क्वचितच झाले असेल.

भांडी तांब्या-पितळेची असत. आंबट वरण किंवा ताक तशा भांड्यात कळकते. म्हणून कथलाची कल्हई लावून घ्यावी लागे. भांड्याच्या भाड्यातून आलेला पैसा बराचसा कल्हईतच जाई. १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला आणि विश्वस्तांवर नोंदणीची व हिशेब ठेवण्याची जबाबदारी आली. त्यामुळे नोंदणी झालेल्या देवस्थानांत भांड्यांच्या भाड्यालाही वहीत जागा मिळाली.

खानदेशच्या जेवणाची रीत पाहिली म्हणजे मोठ्या भांड्यांची गरज ध्यानात येते. वरण-बट्टीच्या पंगतीत बट्टी आधी रुंद तपेल्यात उकडावी लागते, नंतर कापून कढईत तळावी लागते. वरणाला वेगळे तपेले आणि वांग्याच्या घोटलेल्या भाजीला वेगळे. तीन चुली एकाच वेळी पेटलेल्या असतात. जेवणाला पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण असल्यामुळे ताटांचा प्रश्न नव्हता. खरी अडचण स्वयंपाकाच्या भांड्यांची होती.

बिछायत केंद्राचा उदय

पुढे गावे वाढली, लग्नातील पाहुणे वाढले आणि एकट्या देवळाच्या कोठीवर भागेना. तेव्हा तालुक्याच्या गावी भांडी, जाजमे, कनाती, गाद्या-तक्के व दिवे भाड्याने देणारी दुकाने उभी राहिली. खानदेशात त्यांना बिछायत केंद्र म्हणतात. वीज नव्हती तेव्हा गॅसबत्ती हे या दुकानांचे मोठे आकर्षण असे. जर्मनीत १९१० च्या सुमारास पेट्रोमॅक्स नावाचा रॉकेलचा दाबावर चालणारा दिवा तयार झाला. त्या तऱ्हेच्या बत्त्यांनी खेड्यातील वरात, कीर्तन व तमाशा उजळून टाकला. नंतर वीज आली आणि बत्तीच्या जागी ध्वनिक्षेपक व रंगीत दिव्यांच्या माळा आल्या. पितळेची जागा आधी जर्मनच्या भांड्यांनी आणि मग स्टीलने घेतली. कल्हईचा खर्च वाचला, पण त्याबरोबर कल्हईवाल्याचा रोजगारही गेला.

या धंद्याचे गणित वरवर सोपे दिसते. समजा, हजार माणसांचे जेवण चार पंगतींत उरकावयाचे आहे. तेव्हा एका वेळी अडीचशे माणसे बसणार. अडीचशे ताटे, अडीचशे पेले आणि प्रत्येकी दोन याप्रमाणे पाचशे वाट्या, म्हणजे एक हजार नग झाले. भांडी घासणारी माणसे चपळ असली तर तेवढ्यात हजार पाने उठतात. माणसे कमी पडली की दुप्पट भांडी लागतात. म्हणून अनुभवी दुकानदार आधी भांडी घासावयास किती जण आहेत हे विचारतो, आणि मग पाहुणे किती हे विचारतो.

खरी अडचण मुहूर्ताची आहे. वर्षातील बहुतेक दिवस माल कोठारात पडून राहतो, आणि एखाद्या दाट तिथीला दहा गावांना तो एकदमच हवा असतो. दहा लग्नांपुरता माल घ्यावा तर भांडवल अडकून पडते. पाच लग्नांपुरताच ठेवावा तर पाच घरे नाराज होतात. यावर तोड म्हणून एक दुकानदार दुसऱ्याकडून माल आणतो व त्याची मागणी आली की आपला माल धाडतो. कोणाचे भांडे कोणते हे कळावे म्हणून बुडाशी नाव कोरतात किंवा रंगाचा ठिपका देतात. पाच-पन्नास वाट्या व पेले दर हंगामात गहाळ होतात. त्याकरिता अनामत घेतली जाते. तथापि ओळखीच्या घरात मंगल कार्य असताना वाटीची भरपाई मागणे जिवावर येते. म्हणून या धंद्यात भांडवलाइतकीच शब्दाची किंमत आहे.

अलीकडे थर्माकोलच्या पत्रावळींनी स्टीलच्या ताटांना मागे सारले होते. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने एकदा वापरून फेकावयाच्या प्लास्टिक व थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली, आणि घासून पुन्हा वापरण्याच्या ताटांचे तसेच पानांच्या पत्रावळींचे महत्त्व लोकांना नव्याने पटले.

झोक्यापासून आकाशपाळण्यापर्यंत

पंगतीची भांडी जशी भाड्याची, तसाच जत्रेचा पाळणाही भाड्याचाच. फरक इतकाच की, भांड्याचे भाडे घरधनी देतो आणि पाळण्याचे भाडे लेकरू देते. खानदेशाला झोक्याचे वेड जुनेच आहे. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात आणि निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणतात. तो झोका घरचा. त्याला तिकीट नाही. जत्रेतील लाकडी पाळण्यात मात्र चार पेट्या असत. दोन-तीन धट्टीकट्टी माणसे आऱ्यांवर पाय देऊन आपल्या वजनानेच तो फिरवीत. असे पाळणे फार पूर्वीपासून निरनिराळ्या देशांत होते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० साली तुर्की अमलाखालील, आजच्या बल्गेरियातील प्लोव्हदिव्ह येथे माणसांना वर-खाली फिरविणारी चाके पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे पोलादी चाक उभारले. त्याला ३६ डबे होते व प्रत्येकात ६० माणसांची सोय होती. जत्रेतील आजचा विजेवर फिरणारा आकाशपाळणा त्याच घराण्यातला.

सामान बांधून गावोगाव खेळ नेण्याच्या कामी महाराष्ट्राचे नाव मोठे आहे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस सुरू केली. तंबू, खांब, जनावरे व माणसे यांचा सारा संसार एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी हलविण्याचे तंत्र सर्कशीने बसविले. पाळणेवाले, चक्रीवाले, मौत का कुआँवाले व फिरते सिनेमावाले यांचे जीवनही त्याच धर्तीचे आहे.

पंचांगावर चालणारा प्रवास

१९०६ साली इंग्रज सरकारने खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. त्यांचेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. कारभाराच्या सीमा बदलल्या, परंतु यात्रांची साखळी तुटली नाही.

कार्तिकी एकादशीला जळगावचा श्रीराम रथ निघतो. हा रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, तापीकाठच्या सारंगखेड्याची यात्रा भरते. तेथील घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. माघी पौर्णिमेला शिरपूरला खंडेराव महाराजांची यात्रा, महाशिवरात्रीला मुक्ताईनगरला संत मुक्ताबाईंची व तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाची यात्रा, चैत्री पौर्णिमेला धुळ्यात पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा, आणि वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा. तेथे एकादशीला रथ व पौर्णिमेला पालखी निघते. या मोठ्या यात्रांच्या मध्ये लहान गावांच्या जत्रा मण्यांप्रमाणे ओवलेल्या असतात. कपाशीचा पैसा हाती येण्याचे दिवसही कार्तिकापासूनचेच; त्यामुळे हंगाम जुळून येतो. पूर्वी हे सामान बैलगाड्यांतून जाई, आता मालमोटारींतून जाते. आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात लग्नेही नाहीत व मोठ्या जत्राही थोड्या. ते चार महिने रंग देणे, पट्टे बदलणे, कनाती शिवणे व देणी फेडणे यांत जातात.

म्हणूनच या व्यावसायिकाच्या पेटीत हिशेबाच्या वहीशेजारी पंचांग असते. सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो. २०१८ साली अधिक ज्येष्ठ आला आणि लग्नसराईचा ऐन महिना मुहूर्तावाचून गेला. चातुर्मासातील अधिक मासाने तितकेसे नुकसान होत नाही.

संकटे आणि जबाबदारी

या धंद्यात माल साठवून पुढे विकता येत नाही. न भरलेल्या जत्रेचे उत्पन्न कायमचे गेले, ते पुन्हा येत नाही. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडावयास गेले. तेथे पाळण्यात कोण बसणार? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती ऐन चैत्राच्या तोंडाशी. यात्रा बंद झाल्या, लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा पडली. पाचशे ताटांचे कोठार असणाराला पन्नास पाने म्हणजे दहावा हिस्सा. पाळणेवाल्याला तर तेवढाही आधार राहिला नाही. मालाचे कर्ज मात्र थांबले नव्हते.

दुसरी गोष्ट जिवाच्या जोखमीची आहे. पाळण्यात समोरासमोरच्या पेट्यांत सारखे वजन बसवावे लागते. नदीपात्रातील वाळूत पाया धसू नये म्हणून खाली जाड लाकडी फळ्या घालाव्या लागतात. दर मुक्कामी नट-बोल्ट तपासावे लागतात, आणि वैशाखी वळवाचे वारे सुटले की, कितीही रांग असली तरी पाळणा थांबवावा लागतो. पदर, ओढणी व केस यंत्रात अडकू नयेत म्हणून तेथे माणूस उभा करावा लागतो. पोलिसांचा परवाना व विजेच्या जोडणीची तपासणी ही कटकट समजू नये. पेटीत बसलेले लेकरू गावचेच असते.

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने यात्रा, उत्सव व करमणूक यांवर कर बसविण्याचा अधिकार ग्रामपंचायतींना दिला आहे. हा अधिकार योग्यच आहे, कारण पाणी, दिवे व सफाई यांचा खर्च गावालाच करावा लागतो. परंतु जागेचा लिलाव चढत चढत इतका वर जावा की, ते पैसे भरून काढण्यासाठी पाळणेवाल्याने जास्त माणसे बसवावीत, मोडके सामान तसेच चालवावे, यात गावाचेही हित नाही. जागेच्या भाड्यातील चार पैसे सुरक्षिततेवर सोडले तर ते वाया जात नाहीत.

जीर्णोद्धार करताना

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा फरशी, कळस, रंगकाम यांचा विचार आधी होतो, आणि तसा तो व्हावाच. परंतु त्याचबरोबर भांड्यांकरिता एक कोरडी, कुलूपबंद कोठी आणि यात्रेकरिता थोडी मोकळी जागा राखून ठेवली तर देवळाचे जुने कार्य पुढे चालू राहील. सभामंडप वाढविताना पाळण्याचे पटांगण संपून जाऊ नये. जुनी पितळी तपेली मोडीत काढण्यापूर्वी त्यांवर कोरलेली नावे तरी वहीत उतरवून घ्यावीत. कारण गावातील कित्येक कुटुंबांच्या पूर्वजांचा तेवढाच लेखी पुरावा उरलेला असतो.

बिछायत केंद्रे वाढली म्हणून देवळाच्या कोठीची गरज संपली असे नाही. ज्याला बाजारभावाने भाडे देणे शक्य आहे तो दुकानात जाईल आणि दुकानदाराचे पोट भरेल. ज्याला ते शक्य नाही त्याच्यासाठी देवाचे दार उघडे असावे. दोघेही एकाच नियमाने चालतात: एका घराला जे घेववत नाही ते साऱ्यांनी मिळून वापरावे, मोजून न्यावे आणि मोजून परत आणावे. ज्या दात्यांनी पूर्वी तपेली व पराती दिल्या त्यांना हे कळले होते. आजच्या देणगीदारांनी दगड-विटांबरोबर एखादे भांडेही द्यावे. त्यातील अन्न पुढील पन्नास वर्षे गावाच्या मुखी पडेल.