ठिणगीचा कायदा आणि भाईंदरचा गाळा : एक ऐतिहासिक टिपण

कारखाने अधिनियम, 1948 च्या 37 व्या कलमातील चौथे पोटकलम सहसा कोणी वाचत नाही. ज्या टाकीत वा पिंपात स्फोटक अथवा ज्वालाग्राही पदार्थ होता, त्यावर वेल्डिंग, सोल्डरिंग किंवा उष्णतेने कापण्याचे काम करण्यापूर्वी तो पदार्थ व त्याची वाफ काढून टाकणे अथवा निर्धोक करणे त्याने बंधनकारक केले. काम संपल्यावरही धातू पुरेसा थंड होईपर्यंत तसा पदार्थ आत सोडण्यास मनाई होती. ब्रिटनच्या 1937 च्या कारखाने कायद्यातील 28 व्या कलमाशी त्याचे साम्य उघड आहे. रिकामे पिंप भरलेल्या पिंपाहून घातक ठरू शकते, कारण तळाला उरलेल्या थेंबांची वाफ आतल्या हवेत मिसळून स्फोटक होते, हे कायदेकर्त्यांनी नेमके ओळखले होते.

मात्र या पोटकलमाची दृष्टी पिंपाच्या आत होती. ठिणगी उडते ती बाहेर. हे भान भारतीय मानक 3016 मध्ये (1965, सुधारित 1982) दिसते. त्याचा विषयच वेल्डिंग व कटिंगच्या वेळची अग्निदक्षता हा आहे. अमेरिकेच्या एनएफपीए 51बी या मानकाने सुमारे 11 मीटरच्या परिघातील जळाऊ वस्तू हलवण्यास किंवा झाकण्यास सांगितले. कामानंतर अर्धा तास पहारा ठेवण्याची त्यातील अट 2019 मध्ये एक तासाची झाली. भुसा, फोम, कापूस यांत शिरलेली ठिणगी धुमसत राहते, ज्वाला मागाहून दिसते. 21 जानेवारी 2021 रोजी पुण्याजवळ मांजरी येथे सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीत लागलेल्या आगीत पाच कामगार मृत्युमुखी पडले. वेल्डिंगची ठिणगी हे कारण असावे, असा प्राथमिक अंदाज तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी व्यक्त केला होता.

तेलशुद्धीकरण कारखान्यांत ओआयएसडी-105 या मानकानुसार लेखी परवान्याशिवाय ठिणगीचे काम होत नाही. माहुलची ही शिस्त भाईंदरला का पोहोचली नाही? मीरा-भाईंदरची नगरपालिका 1985 मध्ये आणि महानगरपालिका 2002 मध्ये स्थापन झाली; येथील स्टीलची भांडी व फॅब्रिकेशनचा व्यवसाय औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांत वाढला. ज्या गाळ्याची लांबीच 11 मीटर भरत नाही, तेथे परिघ आखायचा तरी कोठे? शिवाय 1948 च्या व्याख्येनुसार यंत्रशक्तीवर चालणारा 'कारखाना' ठरण्यास किमान 10 कामगार लागत. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या 2020 च्या व्यवसायविषयक सुरक्षा संहितेत ती संख्या 20 आहे. म्हणजे व्याख्येचा उंबरठा लहान गाळ्यापासून आणखी दूर गेला. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमाखाली वर्षातून दोनदा द्यावयाचे प्रमाणपत्र इमारतीतील अग्निशमन यंत्रणेच्या स्थितीविषयी असते. संध्याकाळी सात वाजता ग्रिलवर मारलेल्या वेल्डिंगची नोंद त्यात नसते.

प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एक विद्यार्थी अशाच गाळ्यात काम करतो. शेवटचा टाका मारून झाला की तो मशीन बंद करतो, शटर ओढतो आणि लोकल पकडतो. पहाऱ्याचा तो तास बंद शटरमागे जातो.