पाण्यातील विष आणि विझणारा प्रकाश

वाचकहो, डोळ्यांना पाणी निर्मळ दिसले म्हणजे ते निर्धोक असतेच असे नाही. १९५६ साली जपानमधील मिनामाता येथे एका भयंकर आजाराची नोंद झाली. चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातील पारा माशांवाटे कोळ्यांच्या व त्यांच्या लेकरांच्या पोटात गेला होता. आपल्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात पारा ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही. इतका अल्प अंश ओळखावा कसा? त्याचा एक मार्ग प्रकाशातून जातो.

हिवतापावरील कडू क्विनाइन आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहेच. १८५२ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनाइनच्या द्रावणाची नळी लोलकातून पडलेल्या रंगपट्टीत जांभळ्याच्याही पलीकडे नेली. डोळ्यांना जेथे काळोख होता तेथे नळी निळी उजळली! या गुणाला आपण प्रतिदीप्ती म्हणतो. पुढे त्यांनीच पाहिले की द्रावणात क्लोराइड मिसळले की ही निळाई मावळते. म्हणजे साधे मीठ! मीठ विरघळले की त्याचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात, आणि त्यांतील क्लोराइड तो प्रकाश विझवतो. उलट १८६७ मध्ये गोपेल्सरोडर यांना दिसले की रंगाच्या लाकडातील मोरिन हे द्रव्य ॲल्युमिनियम भेटताच हिरवे चमकते. कोणी दिवा विझवतो, कोणी लावतो. परीक्षेचे तत्त्व एवढेच.

मग नव्या युगाने काय केले? दिवाच अतिसूक्ष्म केला. मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाला नॅनोमीटर म्हणतात. अशा काही नॅनोमीटरच्या स्फटिकाचा रंग त्याच्या आकारमानावर ठरतो. या शोधासाठी २०२३ चे नोबेल पारितोषिक एकिमोव्ह, ब्रुस व मौंगी बावेंडी यांना मिळाले. विद्यार्थी मित्रांनो, ट्युनिशियाच्या एका गणितज्ञाचे हे चिरंजीव बावेंडी हार्वर्डमधील रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत नापास झाले होते. शंभरात वीस गुण! हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

२००२ मध्ये अमेरिकेत चेन व रोझेन्झ्वाइग यांनी कॅडमियम सल्फाइडचे असे कण पाण्यात वापरले. कणावर एक लेप दिला तर तांबे त्याचा प्रकाश विझवी. दुसरा दिला तर जस्त तो वाढवी. कण तोच, अंगरखा निराळा. पण गंमत पाहा, कॅडमियम स्वतःच विषारी! विष शोधायला विषच पाण्यात घालायचे काय? २००४ मध्ये दक्षिण कॅरोलिनात काजळी शुद्ध करताना कार्बनचे चमकणारे कण अवचित हाती लागले आणि ही अडचण पुष्कळशी सुटली. आता असे कार्बनकण पारा व लोह यांसाठी पारखले जातात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लोह, तांबे, पारा हे सारेच प्रकाश विझवू शकतात. विहिरीच्या पाण्यात तर ते एकत्रही असतील. तेव्हा दिवा मंदावला, तर ते पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्यावे. दोषी कोण ते तेथेच ठरते.