साहेबांचे पंतोजी

बडोद्यातले फत्तेगंज म्हणजे जुना कॅम्प. 1802 मध्ये गायकवाडांच्या दरबारी इंग्रज रेसिडेन्सी बसली. तिच्या मागोमाग पलटण आली, पलटणीमागे पाद्री आणि चर्चही आले. मार्च 1825 मध्ये कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर फिरतीवर असताना इथे उतरला. त्याने चर्चची प्रतिष्ठापना केली, दुसऱ्या सयाजीरावांची भेट घेतली, नडियादला सहजानंद स्वामींशी बोलणे केले आणि तो मुंबईकडे निघून गेला. बिशपाचे काम दुभाष्यावर भागते. तरुण मिशनरी मात्र तीस-चाळीस वर्षे राहायच्या तयारीने येई, आणि त्याचे पहिले वर्ष जिभेला नवे वळण लावण्यातच जाई.

बडोद्यात हे वळण दुहेरी होते. वाड्यात, सरदारांकडे, शास्त्र्यांच्या घरी मराठी. मांडवीच्या बाजारात आणि भोवतीच्या खेड्यांत गुजराती. मुंबई सरकारच्या नोकरीतला सर्जन रॉबर्ट ड्रमंड याने 1808 मध्ये मुंबईत व्याकरणाचे एक पुस्तक छापले. त्यात गुजराती, मराठी आणि इंग्रजी एकत्र मांडल्या आहेत. गायकवाडी मुलखात वावरणाऱ्या परक्याला लागणारे हे नेमके हत्यार. पण पुस्तकातून जोडाक्षर तोंडात बसत नाही. त्याला समोर बसलेला माणूस लागतो. त्याला मुनशी म्हणा, पंडित म्हणा, पंतोजी म्हणा. परमुलखात आलेल्या मिशनऱ्याचे बस्तान याच माणसाने बसवले, असे माझे मत आहे, आणि त्याचाच हा माग आहे.

माग काढायचा तर गोव्यापासून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 24 ऑक्टोबर 1579 ला गोव्यात उतरला, तेव्हा तो तिशीचा होता. पुढची सगळी हयात त्याने इथेच, बहुतेक साष्टीत, काढली. 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नोंदले. ही गोष्ट युरोपातल्या पंडितांच्या ध्यानात यायला पुढे दोनशे वर्षे गेली. 1616 मध्ये राशोलला त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ओवीची चाल, पुराणिकाची बैठक आणि श्रोत्यांशी संवाद करण्याची रीत ही काही सेमिनरीत शिकवत नसत. कोणीतरी गोवेकर त्याच्यासमोर बसून पुराणे वाचत असणार, अर्थ लावून देत असणार. त्याचे नाव कुठे नाही. स्टीफन्सने रचलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये छापले. मागून येणाऱ्या पाद्र्यांची पाटी कोरी राहू नये, हाच त्याचा उद्देश. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांना तीन वर्षांत पोर्तुगीज शिका, स्वतःची भाषा सोडा, असा हुकूम काढला. शिकणारा आणि शिकवणारा यांच्या जागाच उलटवल्या. हुकमाने भाषा मेली नाही, पण पाद्र्याला पंतोजीची गरज वाटेनाशी झाली.

दुसरी शाखा कावेरीच्या मुखाशी. जुलै 1706 मध्ये बार्थोलोमॉस त्सीगेनबाल्ग आणि हेन्रिख प्ल्युट्शाउ हे दोघे जर्मन तरुण तरंगमबाडीला, डेन्मार्कच्या वखारीत आले. भोवतालचे राज्य तंजावरच्या भोसल्यांचे. वखारीतल्या गोऱ्यांकडून त्यांना मदत मिळेना, म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्या पंतोजीला त्याची शाळाच आपल्या घरी भरवायला सांगितली. मुलांच्या रांगेत मांडी घालून बसायचे आणि वाळूत बोटाने तमिळ अक्षरे गिरवायची. विद्यापीठातून आलेल्या माणसाला पाच वर्षांच्या पोरांबरोबर वाळूत ‘अ’ काढावा लागतो तेव्हा त्याच्यात काय उतरत असेल, ते ज्याचे त्याला ठाऊक. बरेच काही उतरले असावे, कारण पुढे त्सीगेनबाल्गने तमिळ लोकांच्या देवदेवतांवर इतके बारकाईने लिहिले की, हाले शहरातल्या त्याच्या वरिष्ठांना ते छापावेसेच वाटले नाही.

याच परंपरेतला ख्रिश्चन फ्रिडरिख श्वार्ट्झ 1750 मध्ये आला. तमिळ तर तो शिकलाच, पण तंजावरच्या दरबारात बोलायचे म्हणून मराठीही शिकला. प्रजेची भाषा एक आणि राजाची दुसरी, हा बडोद्याचा पेच तंजावरलाही होता. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी याच श्वार्ट्झच्या छायेखाली वाढले. त्याच्या मृत्यूनंतर त्यांनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. पाद्र्याला मराठी शिकवणारा तंजावरातला कोण, याचा शिलालेख कोणी कोरला नाही.

निदान बंगालातल्या श्रीरामपूरला एक नाव मिळते. तिथला मिशनरी विल्यम केरी याचे मराठी व्याकरण 1805 चे, कोश 1810 चा, आणि कोशातले मराठी शब्द चक्क मोडीत छापलेले. तिथे बसून केरी मराठी शिकला तो फोर्ट विल्यम कॉलेजातल्या वैजनाथशास्त्र्यांकडून. हे शास्त्री मराठी गद्याच्या छापील इतिहासात स्वतःच्या नावाने उभे आहेत, म्हणून तरी लक्षात राहिले.

मुंबईत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये उतरले. अमेरिका आणि इंग्लंड यांची लढाई जुंपलेली, त्यामुळे सरकार या दोघांना परत पाठवायच्या बेतात. राहू देतात की हाकलतात हे ठरायच्या आत त्यांनी मराठी शिकायला घेतली. या पिढीचा दिवस साधारण असा जाई: उन्हे वर यायच्या आत फेरफटका, मग पंडिताबरोबर काही तास. वाचायला पंचोपाख्यान, 1828 नंतर छत्र्यांचे ‘बाळमित्र’. दुपारी पंख्याखाली घोकंपट्टी, संध्याकाळी बाजारात जाऊन सकाळचे शब्द चालतात का ते पाहणे. पंडित बहुधा ब्राह्मण. तो साहेबाच्या घरचे पाणी घेत नसे, आणि घरी गेल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नसे. पगार मात्र घेई. धर्म बदलायला आलेल्या माणसाला तो शुद्ध मराठी शिकवी, आणि दोघांनाही त्यात विसंगती दिसत नसे. मला या संबंधात दोन्ही बाजूंचा एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो.

हवा आणि पाणी यांनी अनेकांचा निकाल लावला. हॉल तेरा वर्षे राहिला. 1826 च्या मार्चमध्ये नाशिकहून परतताना पटकीने वाटेतच गेला. काठेवाडात 1841 मध्ये आलेल्या आयरिश मिशनच्या दोघांपैकी अलेक्झांडर केर त्याच वर्षी वारला. सोला टोपी, उकळलेले पाणी, उन्हाळ्यात डोंगर, हे सारे नेम अशा थडग्यांनंतर आले. 1829 मध्ये आलेल्या जॉन विल्सनने सुरुवातीचे काही महिने बाणकोट आणि हर्णैला काढले ते मराठीसाठी. मुंबईत इंग्रजीवर निभावता येते आणि म्हणून मराठी येत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

या पंडितांनी एकत्र येऊन काय केले, ते 1829 मध्ये दिसले. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले यांचा मराठी कोश छापला गेला. पंडितांचा कोश म्हणून तो ओळखला जातो. फडकेशास्त्र्यांनी पुढे गुजरातीचेही व्याकरण लिहिले, म्हणजे बडोद्याचा दुहेरी पेच एकट्याने सोडवू शकणारा हा गृहस्थ. दोन वर्षांनी, 1831 मध्ये, याच मंडळींच्या आधाराने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. मोल्सवर्थ पलटणीतला अधिकारी, मिशनरी नव्हे, पण धर्मनिष्ठेत मिशनऱ्याला हार जाणारा नव्हता. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांवर गेले. तेवढे ओझे घोड्यावरून गावोगाव नेणे अवघड, म्हणून बाबा पदमनजींनी त्याचा आटोपशीर संक्षेप केला. आज आपण ‘मोल्सवर्थ’ म्हणतो. ‘क्रमवंत-घगवे’ कोणी म्हणत नाही.

स्त्रियांचे शिकणे वेगळ्या वाटेने झाले. सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईत आली. अमेरिकेने परदेशी पाठवलेली ही पहिली अविवाहित स्त्री मिशनरी मानली जाते. पुढे ती अहमदनगरला गेली, आणि तिच्या मुलींच्या शाळा पाहून अशीच शाळा काढायचे जोतीराव फुल्यांच्या मनाने घेतले. अशा बायकांना शास्त्री व्याकरण शिकवत, पण माजघरात चालणारी मराठी बायकांकडूनच येई.

आणि मग एकदा ही बैठकच उलटली. 1883 मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडात वाँटेज इथल्या सिस्टरांच्या मठात राहायला गेल्या. ठराव असा की, पुण्याला जाणाऱ्या सिस्टरांना त्यांनी मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात इंग्रजी शिकायचे. शिकवणारी बाईच आता परमुलखात होती. थंडी, परके अन्न, जवळच्या मैत्रिणीने केलेली आत्महत्या, लहानगी मनोरमा. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. पुडिंगवरूनसुद्धा सिस्टर जेराल्डिनशी पत्रातून खटके उडाले. हाच हट्ट पुण्याच्या शास्त्र्याने साहेबाच्या बंगल्यात धरला असता, तर कुणाला नवल वाटले नसते.

आता पुन्हा बडोदे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे अमेरिकन मेथडिस्टांनी बस्तान बसवले. छप्पनिया दुष्काळात, म्हणजे 1899-1900 मध्ये, उपासमारीने पोरकी झालेली मुले त्यांच्या आश्रयाला आली. ज्यांच्यात काम करायचे ती माणसे चरोतरातल्या खेड्यांतली, बरीचशी विणकरी करणारी, बोलणारी गुजराती. तेव्हा नव्या मिशनऱ्याने गुजराती घोकली, हे ओघानेच आले. राजवाड्याची भाषा त्याच्या पहिल्या वर्षात बसली नाही.

ती शिकायची वेळ दुसऱ्याच एका परतलेल्या परक्यावर आली. फेब्रुवारी 1893 मध्ये वीस वर्षांचे अरविंद घोष सयाजीराव महाराजांच्या नोकरीत दाखल झाले. सातव्या वर्षी इंग्लंडला गेलेले, ग्रीक-लॅटिनमध्ये तयार, पण मायबोलीच कच्ची. बंगालीच्या सरावासाठी त्यांनी दीनेंद्रकुमार राय यांना बंगालातून बोलावून आपल्याकडे ठेवले. मराठी आणि गुजराती इथल्या कामकाजात शिकले. जाधवांच्या घरात, देशपांड्यांच्या सोबतीत हा तरुण बडोदेकर झाला. 1908 च्या जानेवारीत सरदार मजुमदारांच्या वाड्यात योगी विष्णु भास्कर लेले यांच्यासमोर ध्यानाला बसला, तेव्हाही शिकवणारा मराठीच होता. विषय तेवढा बदलला होता. कुठल्याही मिशनने न पाठवलेल्या या मुलाचे परमुलखात रुजणे मला मिशनऱ्यांच्या कहाणीचेच भावंड वाटते.

विसाव्या शतकात पंतोजीची जागा शाळेने आणि छापील पाठ्यक्रमाने घेतली. लँबर्टबाईंचा ‘मराठी लँग्वेज कोर्स’ 1943 चा. तरी माणसाशिवाय भागले नाहीच. 1949 मध्ये आलेला स्पॅनिश जेझुइट कार्लोस व्हॅलेस गुजराती शिकायला बडोद्याजवळच्या वल्लभ विद्यानगरात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिला. तिथल्या पोरांनीच त्याला भाषा दिली. पुण्यात धर्मशास्त्र शिकत असतानाही तो रोज गुजरातीत लिहायचा. पुढे अहमदाबादेत गणित शिकवता शिकवता तो गुजरातीचा मान्यवर निबंधकार झाला. नंतर बरीच वर्षे तिथल्या पोळांमधल्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्ल्यांमधल्या, घरोघरी पाहुणा म्हणून राहिला, आणि 1978 मध्ये त्याला गुजराती साहित्यातला रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाला. त्याच देशाचा विन्सेंट फेरर मनमाडच्या शेतकऱ्यांमध्ये विहिरी आणि शेती यांत रमला. त्याला 1968 मध्ये देश सोडावा लागला. शेतकरी त्याच्या बाजूने मोर्चे काढत असतानाही! पुढच्या वर्षी तो परतला, पण महाराष्ट्रात नाही, आंध्रातल्या अनंतपूरला. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांचे व्हिसे कठीण होत गेले आणि नवशिक्या साहेबांची रांग आटली. धर्मांतराबद्दलचा राग समजण्यासारखा आहे. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते: आपल्या भाषेची व्याकरणे आणि कोश यांच्या मुळाशी परक्या तरुणाचे अडखळणे आणि आपल्या पंतोजीचा धीर, हे दोन्ही आहेत.

कोशांवर पहिल्याचे नाव छापले, दुसऱ्याचे बहुधा नाही. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या जुन्या मराठी घरांत पेट्या, बासने, वह्या अजून असतील. पणजोबा साहेबाला मराठी शिकवायला कॅम्पात जात, असे कोणाच्या घरी सांगितले जात असेल, मोडीतला एखादा हिशोब, एखादे शिफारसपत्र सापडत असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी प्राच्यविद्या मंदिरात किंवा मराठी वाङ्मय परिषदेत एकदा दाखवा.