नीलरंजक कवके

पाइन व इतर सूचिपर्णी वृक्षांची साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांबरोबर खोडात शिरून रसकाष्ठाला (खोडातील पाणी वाहून नेणाऱ्या बाहेरच्या लाकडाला) निळसर, करडा वा काळपट रंग आणणाऱ्या कवकांना नीलरंजक कवके म्हणतात. हा रंग त्यांच्या तंतूंतील गडद रंगद्रव्यामुळे दिसतो. ही कवके मुख्यतः रसकाष्ठातील जिवंत कोशिकांतील साठविलेल्या अन्नावर वाढतात. त्यामुळे लाकूड कुजत नाही व त्याची ताकदही फारशी घटत नाही, परंतु बाजारभाव उतरतो. भुंगेऱ्यांनी ग्रासलेला वृक्ष मरतो तो कीटकामुळे की कवकामुळे, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. कोणते कवक कोणते, हे निश्चित झाल्याखेरीज त्याचे उत्तर देणे शक्य नव्हते. म्हणून या कवकांच्या अभ्यासाचा इतिहास हा बव्हंशी त्यांची ओळख पटविण्याचाच इतिहास आहे.

कीटक व कवक यांच्या साहचर्याची पहिली नोंद लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांसंबंधीची आहे. त्यांच्या बोगद्यांत आढळणाऱ्या पांढऱ्या अन्नद्रव्याला श्मिडबर्गर यांनी १८३६ मध्ये ‘अँब्रोशिया’ (देवांचे अन्न) असे नाव दिले. ते द्रव्य म्हणजे कवक होय, हे टेओडोर हार्टिख यांनी १८४४ मध्ये ओळखले. सूचिपर्णी लाकडाच्या निळेपणाचा संबंध कवकाशी आहे, हे त्यांचे पुत्र रोबेर्ट हार्टिख यांनी १८७८ मध्ये दाखविले.

अमेरिकेतील ब्लॅक हिल्स या डोंगराळ प्रदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी पाँडेरोसा पाइनचे वृक्ष मोठ्या प्रमाणावर मेले. तेथील भुंगेऱ्याचे वर्णन हॉपकिन्स यांनी १९०२ मध्ये डेंड्रोक्टोनस पाँडेरोसी या नावाने केले; त्याला पुढे ‘माउंटन पाइन बीटल’ हे नाव रूढ झाले. तेथील लाकडाच्या निळेपणाविषयीचा हेर्मान फोन श्रेंक यांचा अहवाल १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत निळेपणाचे कारण म्हणून बहुधा एकाच कवकाचे नाव घेतले जाई. अमेरिकेत हेजकॉक (१९०६) व जर्मनीत म्यूंख (१९०७-०८) यांनी कवकांची संवर्धने करून सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली, तेव्हा त्या एका नावाखाली अनेक जाती दडल्या असल्याचे स्पष्ट झाले.

वृक्षाच्या मृत्यूच्या कारणाकडे क्रेगहेड यांनी १९२८ मध्ये लक्ष वेधले. भुंगेऱ्यांचे बोगदे सालीत व सालीलगतच असतात; वृक्षाचा पाणीपुरवठा मात्र रसकाष्ठातून होतो आणि तेथे कवक पोहोचते. नेल्सन व बील यांनी १९२९ मध्ये भुंगेऱ्यांच्या मदतीशिवाय पाइनमध्ये नीलरंजक कवकांचे रोपण करून त्यांचा परिणाम तपासला. कॅरोलाइन रंबोल्ड यांनी भुंगेरेग्रस्त पाइनमधील कवकांची वर्णने १९३१ पासून प्रसिद्ध केली. माउंटन पाइन बीटलबरोबर आढळणारे व आज ऑफिओस्टोमा माँटियम या नावाने ओळखले जाणारे कवक त्यांनीच १९४१ मध्ये वर्णिले.

वर्गीकरणात मोठी अडचण निर्माण झाली ती आकारसाम्यामुळे. यांतील पुष्कळ कवकांचे धानीफल (बीजुके निर्माण करणारा अवयव) काळे, बुडाशी फुगीर व लांब मानेचे, सुरईसारखे असते. मानेच्या टोकाशी बीजुकांचा चिकट थेंब साचतो व तो जवळून जाणाऱ्या कीटकाला चिकटतो. या आकाराच्या आधारे ब्रिटनमधील नमुन्यांवर काम करणारे भारतीय वनविकृतिवैज्ञानिक बी. के. बक्षी यांनी १९५० मध्ये अशा जाती सिरॅटोसिस्टिस या प्रजातीत घातल्या. हंट यांच्या १९५६ मधील प्रबंधातही तीच भूमिका होती. तथापि पुढील संशोधनात भेद दिसू लागले. ऑफिओस्टोमा प्रजातीची कवके सायक्लोहेक्झिमाइड हे प्रतिजैविक मिसळलेल्या माध्यमावरही वाढतात, सिरॅटोसिस्टिस मात्र वाढत नाहीत. दोहोंच्या कोशिकाभित्तींच्या घटकांतही फरक आहे. १९९३-९४ मधील डीएनए क्रमांच्या अभ्यासाने या दोन प्रजाती वेगवेगळ्या गणांतील असल्याचे ठरविले. सुरईचा आकार हा नात्याचा पुरावा नसून कीटकांमार्फत होणाऱ्या प्रसाराशी स्वतंत्रपणे झालेले अनुकूलन होते.

याच काळात भुंगेऱ्यांच्या शरीराचाही अभ्यास झाला. कवक वाहून नेणाऱ्या खास पिशवीसारख्या अवयवाला बात्रा यांनी १९६३ मध्ये ‘मायकँजियम’ ही संज्ञा दिली. माउंटन पाइन बीटलच्या जबड्याजवळील असा अवयव व्हिटनी व फॅरिस यांनी १९७० मध्ये दाखविला. अमेरिकेच्या दक्षिण भागातील डेंड्रोक्टोनस फ्रंटॅलिस या भुंगेऱ्याच्या बाबतीत ओळखीचे महत्त्व विशेष ठळकपणे दिसून आले. लाकडात उठून दिसणारे ऑफिओस्टोमा मायनस हे नीलरंजक कवक त्याच्या अळ्यांना मारक ठरते. त्याची बीजुके भुंगेऱ्यावर बसून प्रवास करणारे माइट वाहून नेतात. अळ्यांना पोषक असे एक कवक मादीच्या मायकँजियममध्ये असते; ते लाकूड निळे करीत नाही आणि दीर्घकाळ केवळ सांकेतिक क्रमांकानेच ओळखले जात होते. ते गदाकवकांपैकी एंटोमोकॉर्टिसियम प्रजातीचे असल्याचे नंतर सिद्ध झाले.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या माउंटन पाइन बीटलच्या उद्रेकाची झळ सु. १.८ कोटी हेक्टर वनक्षेत्राला पोहोचली. तेथील लॉजपोल पाइनमधून १९६८ मध्ये वर्णिलेले व पुढे ग्रॉसमानिया क्लॅव्हिजेरा या नावाने ओळखले गेलेले कवक वारंवार मिळे. त्याच्याशी अगदी मिळतेजुळते लेप्टोग्राफियम लाँगिक्लॅव्हेटम हे निराळे कवक २००५ मध्ये वेगळे ओळखण्यात आले. क्लॅव्हिजेराचा जीनोम २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वृक्ष ज्या राळेने स्वतःचे संरक्षण करतो, तिच्यातील टर्पिनॉइड द्रव्यांना हे कवक कसे तोंड देते, यावर त्याने प्रकाश पडला. त्याच वर्षी सिक्स व विंगफील्ड यांनी, वृक्ष मारणे हेच या कवकांचे भुंगेऱ्यांस होणारे मुख्य साहाय्य असते या जुन्या समजुतीला आव्हान दिले. अळ्यांना व तरुण भुंगेऱ्यांना अन्न पुरविणे हे कार्यही तितकेच विचारात घ्यावे लागते.

कवकाच्या लैंगिक व अलैंगिक अवस्थांना वेगवेगळी नावे देण्याची प्रथा मेलबर्न येथील २०११ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निर्णयाने २०१३ पासून संपुष्टात आली. प्रजातींच्या सीमा मात्र त्यानंतरही बदलत राहिल्या आहेत. या नावांना व्यावहारिक महत्त्व आहे. माउंटन पाइन बीटलच्या दोन प्रमुख सहचर कवकांपैकी क्लॅव्हिजेरा थंडीत व माँटियम उष्णतेत अधिक टिकते आणि तापमानानुसार त्यांचे प्रमाण बदलते, असे २००७ मध्ये दाखविण्यात आले. हवामान तापत असता यांपैकी कोणते कवक भुंगेऱ्याबरोबर नव्या वनांत पोहोचेल, हे जाणण्यासाठी प्रथम ती दोन्ही अचूक ओळखता यावी लागतात.