नियंत्रणाला लगाम : अमेरिकेतील उपजीविकेच्या हक्काचे कायदे

राजसत्तेने प्रजेच्या धंद्यांवर निर्बंध घातल्याची उदाहरणे इतिहासात पदोपदी आढळतात. पण निर्बंध घालणाऱ्या सत्तेने आपल्याच हाताला आवर घालणारा कायदा करावा, असे प्रसंग विरळा. अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०१६ साली आणि ॲरिझोनाने २०१७ साली असे कायदे केले. दोहोंचेही नाव 'उपजीविका मिळविण्याच्या हक्काचा कायदा' असे आहे. हे कायदे का करावे लागले, हे समजण्यासाठी आपणांस दीडशे वर्षे मागे गेले पाहिजे.

१८६९ साली लुइझियानाच्या विधिमंडळाने न्यू ऑर्लिन्समधील कत्तलखाने एकत्र आणण्याचा कायदा केला. कत्तलखान्यांची घाण मिसिसिपी नदीत जात असे आणि शहर रोगराईने गांजलेले होते, तेव्हा हेतू रास्त होता. परंतु पंचवीस वर्षांचा मक्ता एकाच कंपनीला मिळाला. इतर खाटकांनी तिच्याच जागेत, तिला शुल्क देऊन काम करावे, असे ठरले. खाटीक न्यायालयात गेले आणि १८७३ साली सर्वोच्च न्यायालयात पाचांविरुद्ध चार मतांनी हरले. विरुद्ध मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती स्टीफन फील्ड होते. कोणताही सनदशीर धंदा करण्याची मोकळीक हा नागरिकाचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

याच फील्ड यांनी १८८९ साली वेस्ट व्हर्जिनियाचा वैद्यकीचा कायदा मात्र उचलून धरला. पदवी, राज्यातील दहा वर्षांचा अनुभव किंवा परीक्षा, यांपैकी एक तरी असल्यावाचून वैद्यकी करू नये, अशी त्या कायद्याची अट होती. यात विसंगती आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जी अट अभ्यासाने आणि श्रमाने पुरी करता येते ती वेगळी. जे दार एकासाठी उघडून बाकीच्यांना बंद केले जाते ते वेगळे. पुढील सारा वाद या दोहोंमधील सीमारेषेचा आहे.

ती रेषा हळूहळू पुसट झाली. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील शंभर कामकऱ्यांपैकी पाचांच्या आसपास लोकांना राज्याचा परवाना लागे. २०१५ पर्यंत हे प्रमाण पंचवीसांच्या वर गेले. न्यायालयेही बाजूला सरली होती. ओक्लाहोमात चष्मे बनविणाऱ्याने जुनी भिंगे नव्या चौकटीत बसवायची, तरी नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी लागे. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायदा निष्कारण जाचक असला तरी त्याचा तोल पाहणे हे विधिमंडळाचे काम आहे. म्हणजे नियम अनावश्यक आहे, हे सिद्ध करण्याचा भार नागरिकावर पडला, आणि तो जवळजवळ न पेलणारा होता.

शिवाय परवाने देणाऱ्या मंडळांवर बहुधा त्याच धंद्यातील लोक बसत. नॉर्थ कॅरोलिनात दंतवैद्यांच्या मंडळाने दात शुभ्र करून देणाऱ्या इतर व्यावसायिकांना काम थांबविण्याच्या नोटिसा धाडल्या. राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर अशा मंडळाला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून सूट नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. त्याच वर्षी टेक्सासच्या न्यायालयापुढे दोऱ्याने भुवया कोरण्याची, आपल्याकडे घरोघर ठाऊक असलेली कला आली. तिच्यासाठी ७५० तासांचे शिक्षण सक्तीचे होते. त्यांतील ३२० पर्यंत तासांचा या कामाशी संबंध नसावा, असे पाहून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती राज्यघटनेविरुद्ध ठरविली.

या पार्श्वभूमीवर नव्या कायद्यांचे मर्म ध्यानी येते. टेनेसीत परवाना मंडळांना धंद्यात प्रवेश करण्याविषयीचे आपले नियम विधिमंडळाच्या समित्यांपुढे ठेवावे लागले. ॲरिझोनाने पुढचे पाऊल टाकले. आरोग्य, सुरक्षितता किंवा लोककल्याण यांसाठी जो नियम आवश्यक असल्याचे दाखविता येईल तेवढाच ठेवावा, असे त्याने सांगितले. नागरिकाला नियम बदलण्याची मागणी करण्याचा आणि न्यायालयात जाण्याचा मार्गही दिला. भार या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला. २०१९ साली त्याच राज्याने, अन्य राज्यात किमान एक वर्ष परवाना असलेल्या व राज्यात राहावयास आलेल्या व्यावसायिकांना बहुतेक धंद्यांत पुन्हा सारी शिदोरी बांधावयास लावू नये, असे ठरविले.

याचा अर्थ सर्व नियम मोडीत काढावेत, असा कोणी घेऊ नये. रोग्याला वैद्याच्या ज्ञानाची पारख करता येत नाही. १८८९ साली जे खरे होते ते आजही खरे आहे. पण धंद्यात शिरलेल्यांची मंडळे असतात, सभा असतात, वकील असतात. दाराबाहेर ताटकळणाऱ्याला त्या सभेत मत नसते. 'हा नियम कोणाच्या रक्षणासाठी?' एवढे विचारण्याचा आणि उत्तर मिळविण्याचा अधिकार त्याला देणे, हेच या कायद्यांचे ऐतिहासिक कार्य होय. न्यू ऑर्लिन्सच्या खाटकांना तो मिळाला नव्हता.